द्रव्यातील बदल : भौतिक, रासायनिक व अणुकेंद्रीय

उष्णता, दाब, प्रकाश, विद्युत् किंवा दुसरे एखादे द्रव्य यांच्या क्रियेमुळे, तसेच काही द्रव्यांच्या बाबतीत कोणत्याही बाह्य कारणावाचून, द्रव्याच्या अवस्थेत, रासायनिक संघटनात अथवा त्याच्या मूळ घटकांत जो फरक पडतो त्यास द्रव्यातील बदल म्हणतात. हे बदल द्रव्याच्या कोणत्या पातळीवर घडतात यावरून त्यांचे तीन वर्ग केले जातात. रेणू तसेच राहून त्यांची मांडणी, परस्परांतील अंतर वा गती एवढेच बदलले, तर तो भौतिक बदल होय. अणूंमधील बंध तुटून किंवा नवे बंध जुळून निराळा पदार्थ निर्माण झाला, तर तो रासायनिक बदल होय. अणूच्या गाभ्यातील अणुकेंद्रच बदलले, तर तो अणुकेंद्रीय बदल होय. पहिल्यात पदार्थ तोच राहतो. दुसऱ्यात पदार्थ बदलतो, पण मूलद्रव्ये तीच राहतात. तिसऱ्यात बहुधा मूलद्रव्यच बदलते.

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा नाही. अमुक बदल कोणत्या वर्गातील आहे हे कळले म्हणजे त्यासाठी किती ऊर्जा लागेल, तो उलटविता येईल का आणि त्यावर कोणता उपाय चालेल व कोणता चालणार नाही, हे बऱ्याच अंशी ठरविता येते. प्रस्तुत लेखात या तिन्ही बदलांचे विवेचन मुख्यतः वऱ्हाडातील (अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ जिल्हे) उदाहरणांच्या आधारे केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हलक्या धातूचे सोने करण्याची खटपट किमयागारांनी भारत, अरबस्तान, चीन व यूरोप येथे अनेक शतके केली. तिच्यातून ऊर्ध्वपातन, भस्मीकरण इ. उपयुक्त प्रक्रिया हाती आल्या, पण सोने मिळाले नाही. आंत्वान लव्हॉयझर यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रासायनिक विक्रियेपूर्वीचे व नंतरचे एकूण द्रव्यमान सारखेच असते हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणुसिद्धांत मांडून या तत्त्वाची उपपत्ती दिली : रासायनिक विक्रियेत अणूंची फक्त फेरजुळणी होते, अणू निर्माण होत नाहीत किंवा नाहीसेही होत नाहीत. त्यामुळे मूलद्रव्य अपरिवर्तनीय आहे अशी समजूत दृढ झाली. आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमाच्या किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अर्नेस्ट रदरफर्ड व फ्रेडरिक सॉडी यांनी किरणोत्सर्ग होताना एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होते असे दाखविले. १९१९ मध्ये रदरफर्ड यांनी नायट्रोजनावर आल्फा कणांचा मारा केल्यास हायड्रोजनाची अणुकेंद्रे बाहेर पडतात असे प्रसिद्ध केले. युरेनियमाच्या अणुकेंद्राचे भंजन ओटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या १९३८ मधील प्रयोगांतून उघडकीस आले व त्याची उपपत्ती लीझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी १९३९ मध्ये दिली. किमयागारांचे उद्दिष्ट अशक्य नव्हते, त्यांची साधने मात्र अणुकेंद्रापर्यंत पोहोचणारी नव्हती, हे यावरून दिसून येते.

भौतिक बदल : पाणी गोठणे, उकळणे, धातू तापून प्रसरण पावणे, दगड फुटणे ही भौतिक बदलांची परिचित उदाहरणे आहेत. उकळत्या पाण्याची वाफ होताना दर रेणूमागे सु. ०.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्च होते. ही ऊर्जा रेणूरेणूंमधील आकर्षण तोडण्यास पुरते. रेणूतील हायड्रोजन व ऑक्सिजन यांना विलग करण्यास ती अपुरी असते. म्हणून वाफ हे पाणीच असते.

वऱ्हाडातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात व पावसाळ्यात त्या बुजतात. या जमिनीतील मॉंटमोरिलोनाइट गटाच्या चिकणमातीचे कण अतिशय पातळ थरांचे बनलेले असतात. थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरले की माती फुगते व ते निघून गेले की आकसते. मातीचे खनिज तेच राहते, त्यामुळे हा बदल भौतिक होय. घरांच्या भिंतींना तडे जाण्याइतके बल या फुगण्या-आकसण्यात असते. यावरून भौतिक बदल म्हणजे क्षुल्लक बदल नव्हे हे लक्षात येईल. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसापासून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधतात. त्यातही तंतूचे सेल्युलोज जसेच्या तसे राहते.

रासायनिक बदल : हाच कापूस पेटला म्हणजे सेल्युलोजातील कार्बन व हायड्रोजन यांचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होतात, उष्णता व प्रकाश बाहेर पडतात आणि थोडी राख उरते. निर्माण झालेल्या पदार्थांत कापसाचा एकही गुणधर्म नसतो. तथापि सर्व वायू गोळा करून त्यांचे व राखेचे वजन केल्यास ते कापूस व वापरला गेलेला ऑक्सिजन यांच्या एकत्रित वजनाइतके भरते. लोखंड गंजणे, दुधाचे दही होणे, चुनखडी भाजून कळीचा चुना करणे ही रासायनिक बदलांची आणखी उदाहरणे होत.

रासायनिक बदलात अणूच्या बाहेरील कक्षांतील इलेक्ट्रॉनांची देवघेव किंवा भागीदारी होते. कार्बनाचा एक अणू पूर्णपणे जळताना सु. ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मुक्त होते, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या बाष्पीभवनास लागणाऱ्या ऊर्जेच्या सु. दहापट. तापमान, दाब, संहती (विद्रावातील प्रमाण) व उत्प्रेरक यांच्या योगाने रासायनिक विक्रियेचा वेग कमीजास्त करता येतो.

अणुकेंद्रीय बदल : अणुकेंद्र प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे बनलेले असते. मूलद्रव्य कोणते हे प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. म्हणून ती संख्या बदलली की मूलद्रव्य बदलते. या बदलांचे मुख्य प्रकार तीन : (१) अस्थिर अणुकेंद्राचा आपोआप होणारा किरणोत्सर्गी क्षय, (२) युरेनियमासारख्या जड अणुकेंद्राचे दोन मध्यम अणुकेंद्रांत होणारे भंजन आणि (३) हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनण्याची क्रिया म्हणजे संमीलन. सूर्याची ऊर्जा हायड्रोजनाच्या संमीलनातून मिळते.

किरणोत्सर्गी क्षयाचा वेग अर्धायुष्याने व्यक्त करतात. दिलेल्या अणूंपैकी निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. व्यवहारात गाठता येणाऱ्या तापमानाचा वा दाबाचा त्यावर परिणाम होत नाही. रासायनिक संयोगाचा परिणामही काही मोजके अपवाद सोडता नगण्य असतो. पऱ्हाटीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्रत्येक वनस्पतीप्रमाणे पऱ्हाटीतही पोटॅशियम असते. नैसर्गिक पोटॅशियमात पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे प्रमाण सु. ०.०११७% असते व त्याचे अर्धायुष्य सु. १२५ कोटी वर्षे आहे. १ ग्रॅ. पोटॅशियमात दर सेकंदास सु. ३१ अणुकेंद्रांचा क्षय होतो. पऱ्हाटी शेतात उभी असो, चुलीत जळत असो किंवा तिची राख उकिरड्यावर पडलेली असो, तिच्यातील तेवढ्याच पोटॅशियमाचा हा आकडा बदलत नाही. चुलीतील आगीने पऱ्हाटीचे सर्व रासायनिक स्वरूप पालटते, पण अणुकेंद्राला तिची झळ पोहोचत नाही.

ऊर्जा व द्रव्यमान : युरेनियम-२३५ च्या एका अणुकेंद्राच्या भंजनातून सु. २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. कार्बनाच्या एका अणूच्या ज्वलनाशी तुलना करता ही सु. ५ कोटी पट होते. समान वजने घेतल्यास हे गुणोत्तर सु. २५ लाख पट येते, कारण युरेनियमाचा अणू कार्बनाच्या अणूपेक्षा सु. वीसपट जड असतो.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक विद्युत् केंद्रात प्रत्येकी २५० मेवॉ. क्षमतेचे दोन संच अनुक्रमे २००८ व २०१० मध्ये सुरू झाले. एक किग्रॅ. कोळशापासून सु. १५ मेगॅज्यूल उष्णता मिळते आणि तिच्यापैकी सु. ३५ टक्क्यांचे विजेत रूपांतर होते असे धरल्यास, ५०० मेवॉ. वीज अखंड निर्माण करण्यासाठी दररोज सु. ८,२०० टन कोळसा लागेल. तेवढीच उष्णता सु. १.५ किग्रॅ. युरेनियम-२३५ च्या पूर्ण भंजनातून मिळेल. प्रत्यक्षात इंधनाचे वजन याहून बरेच अधिक असते, कारण नैसर्गिक युरेनियमात या समस्थानिकाचे प्रमाण सु. ०.७२% एवढेच असते व त्याचाही सर्व भाग वापरला जात नाही. तरीही दोन्हींमधील अंतर प्रचंडच राहते. भारतातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्ये महाराष्ट्रातच, तारापूर येथे, सुरू झाले. पारस व तारापूर या दोन्ही प्रकारच्या केंद्रांत पाण्याची वाफ करून तिने टरबाइन फिरविले जाते. म्हणजे भौतिक बदल दोन्हींत सारखाच असून उष्णतेचा उगम मात्र एकात रासायनिक व दुसऱ्यात अणुकेंद्रीय असतो.

आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार ऊर्जा बाहेर पडते तेव्हा द्रव्यमान कमी होते. १२ ग्रॅ. कार्बन जळताना ही घट सु. ४.४ नॅनोग्रॅम असते; ती तराजूने मोजता येणे शक्य नसल्याने लव्हॉयझर यांचा नियम रसायनशास्त्रात निर्धोकपणे वापरला जातो. युरेनियमाच्या भंजनात मात्र द्रव्यमानातील घट सु. ०.०९% इतकी असते.

एका ठिकाणी तिन्ही बदल — लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सु. १.८ किमी. व्यासाचे असून ते सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने निर्माण झाले आहे. आघाताचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. विवराच्या खडकातील प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या स्फटिकी खनिजाचे मॅस्केलिनाइट या काचरूप द्रव्यात रूपांतर झालेले आढळले. आघाताच्या प्रचंड दाबामुळे स्फटिकातील अणूंची सुसूत्र मांडणी मोडली, पण खनिजाचे संघटन बदलले नाही. हा भौतिक बदल असून ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही.

विवरातील सरोवराचे पाणी खारट व क्षारधर्मी (पीएच मूल्य सु. १०) आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे बेसॉल्टाचे हळूहळू रासायनिक विघटन होते व सोडियम, कॅल्शियम इत्यादींची बायकार्बोनेटे पाण्यात उतरतात. सरोवरातून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. त्यामुळे बाष्पीभवनाने (भौतिक बदल) लवणे साठत जातात. कॅल्शियम कार्बोनेट कमी विद्राव्य असल्यामुळे ते आधी खाली बसते. सोडियमाची बायकार्बोनेटे व कार्बोनेटे पाण्यात उरतात (रासायनिक बदल). येथील लवणांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी स्थानिक नावे होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरी या ग्रंथात या भागात काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात असा उल्लेख आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांमधील रंगद्रव्यांचा असल्याचे आढळले. रंगद्रव्ये तयार होणे हा त्या जीवांमधील रासायनिक बदल होय. पाणी मात्र पाणीच होते.

विवराचे वय ठरविण्यासाठी अणुकेंद्रीय बदलांचा आधार घेतला जातो. पोटॅशियम-४० च्या क्षयातून सु. ११% प्रमाणात आर्गॉन-४० हा वायू निर्माण होतो. खडक वितळला की साठलेला आर्गॉन निसटून जातो व खडक घट्ट झाल्यावर तो पुन्हा साठू लागतो. यावर आधारलेल्या पद्धतीने २०११ मध्ये लोणारचे वय सु. ५,७०,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी औष्णिक दीप्तीच्या पद्धतीने ते सु. ५२,००० वर्षे काढण्यात आले होते. या दुसऱ्या पद्धतीत किरणोत्सर्गामुळे स्फटिकातील दोषांत अडकून पडलेले इलेक्ट्रॉन तापविल्यावर प्रकाश देऊन मुक्त होतात व त्या प्रकाशावरून काळ मोजतात. पहिल्या पद्धतीत जुना आर्गॉन पूर्णपणे निसटला नसेल, तर वय अधिक येते. दुसरीत अडकलेले इलेक्ट्रॉन मधल्या काळात मुक्त झाले असतील, तर ते कमी येते. अणुकेंद्रीय घड्याळ अचूक असले, तरी ते केव्हा सुरू झाले हे भौतिक व रासायनिक बदलांवर अवलंबून असते. नोव्हेंबर २०२० मध्ये या सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. बाष्पीभवन व गोड्या पाण्याची आवक यांतील समतोल ढळल्यास लवणांचे प्रमाण, त्यामागोमाग पाण्याचे रसायन आणि शेवटी तेथील जीवसृष्टी बदलते, हे लक्षात घेऊनच त्याच्या रक्षणाचा विचार करावा लागतो.

सीमारेषेवरील उदाहरणे : बदल उलटविता आला तर तो भौतिक व आला नाही तर रासायनिक, अशी खूण पुष्कळदा सांगितली जाते, पण ती विश्वसनीय नाही. कळीच्या चुन्यावर पाणी घातल्यास तो तापून फुलतो व निराळे संयुग बनते. हे संयुग सु. ५०० अंश से. च्या वर तापविल्यास पाणी निघून जाऊन कळीचा चुना परत मिळतो. हा बदल उलटविता येत असूनही रासायनिक आहे. उलट, सरकीपासून तोडलेला तंतू पुन्हा सरकीला चिकटविता येत नाही, तरी तो बदल भौतिकच होय. मीठ पाण्यात विरघळणे हे प्रथेनुसार भौतिक बदलात धरले जाते. तथापि त्यात स्फटिकातील आयनांमधील बंध तुटतात व आयनांभोवती पाण्याचे रेणू जमतात. भौतिक व रासायनिक बदलांमधील सीमा अशी काही ठिकाणी पुसट आहे. अणुकेंद्रीय बदलांची सीमा मात्र ऊर्जेतील मोठ्या फरकामुळे सहसा स्पष्ट असते.

व्यावहारिक महत्त्व : पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सु. ४,७०० चौ. किमी. प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील विहिरींचे पाणी खारट असून ते पिण्यास व ओलितास अडचणीचे ठरते. असे पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण खारटपणा जात नाही. कारण उकळणे हा भौतिक बदल असून त्यात केवळ पाणी निघून जाते. लिटरमागे २ ग्रॅ. लवणे असलेले १० लि. पाणी उकळून ८ लि. झाले, तर त्यातील लवणांचे प्रमाण लिटरमागे २.५ ग्रॅ. होते. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर कॅल्शियम बायकार्बोनेटाच्या विघटनाने तयार होतो. हा रासायनिक बदल असून त्याने पाण्याचा तात्पुरता जडपणा कमी होतो, परंतु सोडियमाची लवणे तशीच राहतात. अर्धपारगम्य पटलातून दाबाने पाणी गाळून गोडे पाणी मिळविता येते. हीही भौतिक प्रक्रिया असल्याने लवणे नष्ट न होता उरलेल्या पाण्यात अधिक प्रमाणात गोळा होतात. ते पाणी पुन्हा विहिरीजवळ सोडल्यास मूळ दोष वाढतो.

जमिनीच्या बाबतीत अडचण निराळी असते. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटल्यामुळे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात व पाणी जिरत नाही. केवळ खोल नांगरटीने हा दोष जात नाही. जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमाची जागा घेतो व सोडियम सल्फेट पाण्यात उतरते. ही रासायनिक अदलाबदल झाल्यावर ते लवण पावसाच्या पाण्याबरोबर वाहून नेण्यासाठी निचऱ्याची सोय करावी लागते, नाहीतर ते तेथेच राहते. सोडियम हे मूलद्रव्य असल्यामुळे ते हलविता येते, बांधून ठेवता येते, पण कोणत्याही रासायनिक उपायाने नाहीसे करता येत नाही. हीच गोष्ट पाण्यातील फ्ल्युओराइड, आर्सेनिक व शिसे यांनाही लागू आहे.

याच न्यायाने किरणोत्सर्गी अपशिष्ट जाळून किंवा अम्लात विरघळवून निरुपद्रवी करता येत नाही. काचेत बंदिस्त करून ते दीर्घकाळ सुरक्षित ठेवावे लागते. उलट पक्षी, किरणोत्सर्गाविषयीची अनाठायी भीतीही या भेदाच्या ज्ञानाने दूर होते. लासलगाव (नासिक जिल्हा) येथील २००२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात कांद्यांना मोड येऊ नयेत म्हणून त्यांवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात. अणुकेंद्रीय बदल होतो तो कोबाल्टात. कांद्याच्या कोंबातील पेशींत होणारे बदल रासायनिक असतात. या किरणांची ऊर्जा कांद्यातील अणुकेंद्रे बदलण्यास अपुरी असल्याने कांदा किरणोत्सर्गी होत नाही. [⟶ अणुकेंद्रीय भौतिकी, किरणोत्सर्ग, लवणयुक्त जमिनी, लोणार].